थेंबे थेंबे टचडाउन

इंग्रजीत 'ऑफेन्सिव्ह' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, अपमानकारक, आणि दुसरा, आक्रमक. आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर पहिल्या अर्थाने अव्वल दर्जाचे ऑफेन्सिव्ह कोच होते. एका शिट्टीत ते आमच्या तीन पिढ्यांचा उद्धार करीत. त्यांच्या शिकवणुकीने आमचा संघ कधी सुधारला नाही. सुधारला तो फक्त आमचा शब्दसंग्रह. दुसऱ्या अर्थाचा कोच काय करू शकतो, हे कळायला मला लेकीकडे सनीवेलला जावं लागलं.

सनीवेल हे कॅलिफोर्नियातलं गाव. तिथे हंगामात रविवारी सकाळी पोह्यांबरोबर फुटबॉल असतो. हा फुटबॉल आपला नव्हे. यातला चेंडू सोललेल्या नारळासारखा, आणि तो पायापेक्षा हातातच जास्त वेळ असतो. दोन्हीकडची अकरा-अकरा धिप्पाड माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळतात, उठतात, घोळका करून कुजबुजतात आणि पुन्हा कोसळतात. सौ. थोडा वेळ बघून म्हणाली, "अगदी आपल्या सोसायटीची वार्षिक सभा! फक्त इथे शिरस्त्राणं दिलीयत."

जावई समजावून सांगू लागले, "नाना, अगदी सोपं आहे. चार संधी, दहा यार्ड. तेवढं पुढे सरकलात की पुन्हा नव्या चार संधी. नाही सरकलात तर चेंडू समोरच्याचा."

"म्हणजे चार आठवड्यांत पगार पहिल्या तारखेपर्यंत पोचवायचा, तसंच!" मी म्हणालो. मध्यमवर्गीयाला या खेळाचं एवढं तत्त्वज्ञान पुरतं.

मग त्यांनी बिल वॉल्शची कथा लावली. ती मात्र मी पोहे थंड होईपर्यंत ऐकली.

हा वॉल्श १९६८ पासून सिनसिनाटी बेंगॉल्स या संघात दुय्यम कोच होता. १९६९ मध्ये त्यांच्याकडे ग्रेग कुक नावाचा नवा क्वार्टरबॅक आला. (क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कुणाकडे द्यायचा हे ठरवणारा गडी. घरोघरी हे काम कोण करतं, ते सांगायला नको.) कुकचा हात तोफेसारखा. पण त्याच वर्षी खांदा दुखावला आणि ती तोफ जवळजवळ कायमची थंडावली. त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर. हुशार, नेमबाज, चपळ. पण चेंडू लांब फेकायची ताकद बेताची.

दुसरा एखादा कोच कपाळाला हात लावून बसला असता. वॉल्शने उलटा विचार केला. गड्याला लांब फेकता येत नाही ना? मग जवळ फेकू. मैदान त्रेपन्न यार्ड रुंद आहे, ते कुणासाठी? समोरची मंडळी मधोमध भिंत बांधून उभी राहतात; त्यांना कडेकडेने पांगवू. पाच यार्ड इथे, सहा यार्ड तिथे. झेलणारा किती पावलांनी वळणार आणि फेकणारा किती पावलं मागे सरकून चेंडू सोडणार, याचा हिशेब आधीच ठरलेला. थेंबे थेंबे तळे साचे, हे अमेरिकेत कुणी असं मांडलं असेल वाटलं नव्हतं! १९७० साली पहिल्या सातांपैकी सहा सामने हरलेला तो संघ पुढचे सातही जिंकून आपल्या गटात पहिला आला. या पद्धतीला पुढे 'वेस्ट कोस्ट ऑफेन्स' म्हणू लागले. जन्मगावापासून पश्चिम किनारा सुमारे दोन हजार मैल, पण बारसं तिकडचं!

एवढं करूनही १९७६ मध्ये मुख्य कोचची जागा रिकामी झाली, तेव्हा ती मिळाली दुसऱ्यालाच. आठ वर्षं राबलेल्या माणसाला डावलून शेजारच्या टेबलावरच्याला बढती मिळते, हे फक्त आपल्याच कचेऱ्यांत घडतं असं मानणाऱ्यांनी नोंद घ्यावी. वॉल्श सिनसिनाटी सोडून गेला.

१९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी त्याला बोलावलं. आदल्या वर्षी या संघाने सोळापैकी चौदा सामने गमावले होते. वॉल्शने कार्यालयात फोन कसा उचलावा इथपासून शिकवायला सुरुवात केली. खेळाडूंनी शर्ट नीट खोचावा म्हणाला. सामन्यातल्या पहिल्या चाली तो आधीच कागदावर लिहून ठेवी. ती यादी पुढे पंचवीसपर्यंत गेली. साठ हजार माणसं कानाशी ओरडत असताना माणसाला धड सुचत नाही, निवांत खोलीत सुचतं, असं त्याचं म्हणणं. (लग्नाच्या याद्या याचसाठी करतात.)

आणि पहिल्या वर्षीचा निकाल? सोळापैकी चौदा गमावले!

पण जावयांनी इथे बोट वर केलं. संघाचे गुण २१९ वरून ३०८ वर गेले होते. हार तीच होती, हरणारे मात्र बदलत होते. त्याच वर्षी वॉल्शने जो मोंटॅना नावाचा पोरगा निवडला. हात तोफेचा नाही म्हणून तो निवडीत ८२ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला होता. वॉल्शला तोफ नकोच होती. त्याला टपालवाला हवा होता.

१९८० मध्ये पहिले तीन सामने जिंकून संघ ओळीने आठ हरला. आठव्या पराभवानंतर परतीच्या विमानात वॉल्श अंधारात रडला. खेळाडूंना दिसू नये म्हणून सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती आडोसा केला. त्या रात्री तो सोडून द्यायच्या विचारात होता. सोडलं असतं, तर कडेकडेने पाच यार्ड जाणाऱ्या त्या चाली कदाचित फळ्यावरच पुसल्या गेल्या असत्या.

त्याने सोडलं नाही. १९८१ च्या हंगामात संघाने सोळापैकी तेरा सामने जिंकले. सगळं श्रेय आक्रमणाला देऊ नये. बचावातही त्याने रॉनी लॉटसारखे नवे गडी आणले होते. १० जानेवारी १९८२ ला डॅलसविरुद्ध शेवटचं मिनिट उरलं असताना मोंटॅनाने फेकलेला चेंडू ड्वाइट क्लार्कने उंच उडी घेऊन बोटांच्या टोकांवर झेलला. २८ विरुद्ध २७! त्यानंतर सुपर बोलची अंतिम लढत डेट्रॉइटजवळ. आणि समोर कोण? सिनसिनाटी बेंगॉल्स! तीही २६-२१ अशी जिंकली.

या लढतीआधीचा किस्सा मला सगळ्यांत आवडला. वॉल्श संघाच्या आधीच हॉटेलात पोचला होता. त्याने तिथल्या हमालाचा गणवेश चढवला आणि बस आल्यावर खेळाडूंच्या बॅगा ओढायला लागला. दडपणाखालच्या पोरांना हसवावं, एवढाच हेतू. पण त्याला कुणी ओळखेचना! मोंटॅना तर बॅग सोडायला तयार नाही. दोघांची रीतसर ओढाताण झाली म्हणतात.

तीन वर्षं ज्याने सगळ्यांचं ओझं वाहिलं, त्याच्या हाती एक बॅग द्यायला कुणी राजी नव्हतं. टिप तर दूरच!