दौलताबादच्या पायऱ्या आणि अब्बांचे घड्याळ

दिवाळीच्या सुटीत दौलताबादचा किल्ला दाखवायचा, असा शब्द आम्ही मुलांना कधीचा दिला होता. जालन्याहून भाड्याची जीप केली. अब्बा म्हणाले, "मीही येतो. मला काय, रोज दहा हजार पावलं चालतो!"

अब्बांचे वय अडुसष्ट. चाळीस वर्षे शिलाईकाम करून अजूनही दुकानात बसतात. शुगर जुनी. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले, तेव्हा रियाधला असलेल्या आमच्या धाकट्या भावाने पावले मोजणारे घड्याळ पाठवले. दहा हजार झाले की ते मनगटावर थरथरते. अब्बा संध्याकाळी घरी येऊन तो आकडा सगळ्यांना दाखवत. तरीही तीन महिन्यांत शुगर काही उतरली नव्हती. आम्ही गोळ्यांना दोष देत होतो, अम्मी चहाला.

औरंगाबाद सोडून वेरूळच्या रस्त्याला लागले की पंधरा-सोळा किलोमीटरवर तो डोंगर समोर येतो. खालचा कडा चारी बाजूंनी सरळ तासलेला. तिकीट काढून महाकोटाच्या दरवाजातून आत गेलो. डावीकडे हत्ती हौद, उजवीकडे बहमनी सुलतानांच्या काळातला चांद मिनार. अम्मीचे गुडघे दुखतात. ती मिनाराजवळ सावलीत थांबली. बाकी आम्ही पुढे निघालो. कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा जिथे कैदेत होता तो चिनी महाल पाहिला, मेंढा तोफेजवळ फोटो झाले, खंदकावरचा पूल ओलांडला आणि अंधारीत शिरलो.

अंधारी म्हणजे खडकातून वर जाणारा काळोखी, वळणांचा बोगदा. शत्रू आत आला तर इथेच चाचपडावा, अशी ती रचना. आम्ही भिंतीला हात लावून, एकेक पाऊल टाकत बाहेर आलो. पुढे बारादरीपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. आमचा मुलगा त्या मोठ्याने मोजू लागला. अब्बा कठड्याला धरून मागून येत होते. एकशे ऐंशीव्या पायरीला ते एकदम खाली बसले. चेहरा घामाने भिजलेला, बोलवेना.

पाणी दिले, खडीसाखर दिली. पाचेक मिनिटांनी श्वास जागेवर आला, अल्लाहचे शुक्र. तेवढ्यात मुलाने त्यांचे घड्याळ पाहिले. "दादाजान, पायऱ्या एकशे ऐंशी झाल्या, पण घड्याळात चौसष्टच वाढल्या!"

अब्बा हसले, पण आम्हाला हसू आले नाही. रोज दहा हजार पावले चालणारा माणूस दोनशे पायऱ्यांच्या आत का बसतो?

तिथेच बसून विचार केला तेव्हा उलगडा झाला. घड्याळ पायाला नाही, मनगटाला बांधलेले असते. त्यातला सेन्सर हाताची हालचाल टिपतो. हात ठरावीक लयीत मागे-पुढे झाला की घड्याळ धरून चालते, पाऊल पडले. कठडा धरला, दोन्ही हातांत पिशव्या असल्या, लहान मुलाची गाडी ढकलली, की पाय चालतात पण हात हलत नाही. पावले कमी भरतात. फार सावकाश, पाय ओढत चालणाऱ्यांचीही पावले निसटतात. आणि उलटेही होते. पाय जागेवर असले तरी हात लयीत हलला तर आकडा वाढतो.

"अब्बा, दुकानात घड्याळ कुठल्या हातात असतं?"

"उजव्या. का?"

"आणि इस्त्री?"

अब्बा गप्प झाले. दिवसभर टेबलापाशी उभे राहून उजव्या हाताने इस्त्री पुढे-मागे. घड्याळाने ती सगळी पावलांत जमा केली होती. जरा वेळाने ते हळूच म्हणाले, "दुपारीच दहा हजार व्हायचे. म्हणून इशाला लांबच्या मशिदीत जाणं सोडलं. म्हटलं, आजचं चालणं तर झालं."

घड्याळाची चूक एवढीच असती तर हसून सोडली असती. पण त्या आकड्याच्या भरवशावर अब्बांनी खरे चालणे बंद केले होते.

अर्ध्या तासाने ते स्वतःच उठले. दर वीस पायऱ्यांना थांबत आम्ही बारादरीपर्यंत गेलो. माथ्यावर जायचा हट्ट कोणीच केला नाही. वाऱ्यात बसून मुलांना गोष्ट सांगितली. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे हलवली. पुढे प्रवासी इब्न बतूता इथे आला; दिल्ली ते दौलताबाद हे अंतर त्याने चाळीस दिवसांची वाट म्हणून लिहिले. अंतर तेव्हा माणसाच्या दमावर मोजत.

आणि पावले मोजणाऱ्या एका शाळामास्तरांचीही गोष्ट सांगितली, आमच्याच पेशातल्या. नैनसिंग रावत त्यांचे नाव. 1865 मध्ये इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यासाठी ते वेष बदलून तिबेटला निघाले. पाऊल नेहमी सारख्याच लांबीचे पडावे म्हणून त्यांना तालीम दिली होती. हातातली जपमाळ एकशे आठऐवजी शंभर मण्यांची. शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे सुमारे पाच मैल. मुलगी म्हणाली, "म्हणजे दादीजानच्या तसबीहसारखं!" तसेच. पण तिथे मोजणाऱ्याचे लक्ष स्वतःच्या पायांवर होते.

दहा हजार हा आकडाही वैद्यकीय शोधातून आलेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये कमरेला लावायचे पावले मोजायचे यंत्र विकायला आले. त्याचे नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. पुढे 2019 मध्ये अमेरिकेतल्या वृद्ध स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज साधारण 4,400 पावले चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी दिसले, आणि 7,500 च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. तेव्हा दहा हजारांचा धसका नको. चाललेले मात्र खरे असावे.

घरी आल्यावर गल्लीत आम्ही तपासणी केली. तोंडाने मोजत शंभर पावले चालायचे आणि घड्याळ पाहायचे. मोकळ्या हाताने घड्याळाने सत्त्याण्णव दाखवली, हातात भाजीची पिशवी धरून एकेचाळीस. मग अब्बांनी जागेवर उभे राहून दोन मिनिटे इस्त्री फिरवली, त्याची ऐंशी! अम्मी म्हणाली, "हे घड्याळ आहे की खुशामतखोर?"

आपल्या घरातही बुजुर्गांच्या हाताला असे घड्याळ असेल, तर ही शंभर पावलांची तपासणी एकदा जरूर करा. कामाच्या वेळी घड्याळ काढून ठेवा. आकड्यापेक्षा किती मिनिटे सलग चाललो आणि दम कुठे लागला, हे पाहा. आणि चालताना दम लागून बसावे लागले, तर डॉक्टरांना सांगायला उशीर करू नका. आम्हीही दुसऱ्याच दिवशी अब्बांना घेऊन गेलो. हृदयाची तपासणी झाली. डॉक्टरांनी रोज अर्धा तास, सावकाश सुरुवात करून चालायला सांगितले.

आता अब्बा इशाला पुन्हा लांबच्या मशिदीत जातात. जाऊन-येऊन पस्तीस मिनिटे. घड्याळ दुकानाच्या खिळ्याला टांगलेले असते. परवा नातवाने विचारले, "दादाजान, पावलं कोण मोजतं मग?"

अब्बा चपला घालत म्हणाले, "मोजणारा मोजतोय, बेटा. आपण फक्त चालायचं."