फॉल्ट कुठपर्यंत नाही, ते आधी बघा



आज फवारणीचं नाही, खताचं नाही. आज रानातल्या नेटवर्कचं लिहितोय. आता बऱ्याच जणांच्या प्लॉटवर हवामान केंद्र आहे, ड्रिपचा कंट्रोलर मोबाईलवर चालतो, कॅमेरे आहेत. हे सगळं चालू असतं तोवर बरं असतं. बंद पडलं की आपण फोन लावत बसतो, आणि फोनवरचा प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

माझी मांडणी आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. घरी फायबरचं इंटरनेट आणि राऊटर. घराच्या गच्चीवर एक छोटी डिश. तिथनं साधारण ६०० मीटरवर मोटारघर, तिथं दुसरी डिश. दोन्ही डिश एकमेकींकडं तोंड करून. मोटारघरात एक बॉक्स आहे, त्याला हवामान केंद्र आणि ड्रिपचे व्हॉल्व जोडलेत. प्लॉट सव्वा एकर सुपर सोनाका, फळछाटणी ८ ऑक्टोबरची.

२० ऑक्टोबरपासून ॲपवर 'ऑफलाइन' दिसायला लागलं. मध्येच यायचं, मध्येच जायचं. बारावा दिवस म्हणजे फुटवे निघालेत, पानं कोवळी. त्यात २२ तारखेला पाऊस. द्राक्षवाल्यांना सांगायला नको, या दिवसांत पान किती तास ओलं राहिलं यावर डाऊनीचं सगळं गणित असतं. रात्रीचा पानाचा ओलावा कळला नाही तर एक तर फवारणी चुकते, नाहीतर भीतीपोटी जास्तीची बसते. त्या दोन रात्री मी बॅटरी घेऊन प्लॉटात जाऊन पानं हातानं बघत होतो.

यंत्रवाल्याला फोन केला तर म्हणाला, तुमचं इंटरनेट बंद आहे. इंटरनेटवाला म्हणाला, आमच्याकडून चालू आहे, तुमचं मशीन गेलंय. तिसरा एक जण रानात येऊन बघून गेला. दोन्ही डिश आणि बॉक्स बदला, १८,५०० रुपये, म्हणाला. कशावरनं, असं विचारलं तर म्हणाला, जुनं झालंय.

थोरली लेक पुण्यात कॉम्प्युटरच्या कामावर आहे. तिला फोन लावला. ती म्हणाली, "अण्णा, ड्रिपच्या शेवटच्या झाडाला पाणी येत नसलं तर तुम्ही काय करता?" मी म्हटलं, मोटारीपासनं बघत जातो. फिल्टरच्या अलीकडचा गेज, पलीकडचा गेज, मग सबमेन, मग लॅटरल. "मग हे पण तसंच बघा की," म्हणाली. "प्रत्येक टप्प्याला गेज लावता येतो. त्याला पिंग म्हणतात."

पुढचं तिनं फोनवर सांगितलं ते वहीत लिहून घेतलं. तुम्हीही लिहून घ्या, फुकट आहे आणि कुठल्याही लॅपटॉपात असतं.

कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि आर एकदम दाबायचं. छोटी खिडकी येते. तिथं सी एम डी ही तीन अक्षरं टाकून एंटर. काळी खिडकी उघडते. तिला भ्यायचं कारण नाही, खाली सांगतोय त्या आज्ञा फक्त विचारतात, काही बदलत नाहीत.

पहिली आज्ञा आयपीकॉन्फिग. आय पी सी ओ एन एफ आय जी, सलग लिहायचं. त्यात दोन ओळी बघायच्या. एक आपल्या लॅपटॉपचा पत्ता, माझा १९२.१६८.१.५ आहे. दुसरी 'डिफॉल्ट गेटवे', म्हणजे घरच्या राऊटरचा पत्ता, माझा १९२.१६८.१.१. आपला पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असला तर समजा की लॅपटॉपला राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही. मग पुढं जायचं नाही, आधी वायर नाहीतर वायफाय बघायचं.

दुसरी आज्ञा पिंग. पी आय एन जी, एक जागा सोडून पुढं पत्ता, मग एंटर. आपला लॅपटॉप त्या पत्त्याला चार वेळा हाक मारतो आणि ओ आली का, किती वेळात आली, ते सांगतो. वेळ मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. ओ आली नाही तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असं येतं. १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकेत लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक म्यूस नावाच्या माणसानं हे लिहिलं. तिथलं नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून. पाणबुडीचा सोनार आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजावरनं समोर काय आहे ते ओळखतो, त्या आवाजावरनं हे नाव. चाळीस वर्षांवर होऊन गेली, पण अजून पहिली तपासणी हीच.

मी मोटारीपासनं निघालो, म्हणजे घरच्या राऊटरपासनं. १९२.१६८.१.१ ला पिंग, चारही ओ आल्या. मग ८.८.८.८ ला. हा गूगलचा पत्ता आहे, बाहेरच्या जगातला, पाठ करायला सोपा. तिथनंही चारही ओ, पंचवीस-तीस मिलिसेकंदात. मग नावानं, पिंग गूगल डॉट कॉम. तेही आलं. कधी कधी आकड्याला ओ येते आणि नावाला येत नाही. तेव्हा लाईन चालू असते, पण नावावरनं पत्ता शोधून देणारी सेवा, जिला डीएनएस म्हणतात, ती अडलेली असते. आपल्याला वाटतं नेट गेलं.

तर पाच मिनिटांत एवढं कळलं की इंटरनेट बंद नाही. यंत्रवाल्याचं म्हणणं निकालात निघालं.

आता रानाकडची बाजू. डिश बसवल्या तेव्हा त्यांचे पत्ते लेकीनं मला कागदावर लिहून ठेवायला लावले होते. घरची डिश १९२.१६८.१.२०, मोटारघराची २१, बॉक्स ३०. इथं चार हाका पुरत नाहीत, कारण फॉल्ट येत-जात होता. पत्त्याच्या पुढं जागा सोडून आडवी रेघ आणि एन, मग जागा सोडून १०० लिहिलं की शंभर हाका जातात आणि शेवटी टक्केवारी येते.

सकाळी सात वाजता बघितलं. घरची डिश, शंभरात शंभर. मोटारघराची डिश, शंभरात ६१. बॉक्स, शंभरात ६२. इथं नीट बघा. घरच्या डिशपर्यंत तूट नाही. पलीकडच्या डिशला एकदम ३९ ची तूट. आणि तिच्याही पुढच्या बॉक्सला तूट वाढत नाही, तेवढीच आहे. म्हणजे बॉक्स खराब नाही. फिल्टरच्या अलीकडं प्रेशर बरोबर, पलीकडं पडलेलं, आणि पुढं आणखी पडत नाही, तर दोष फिल्टरमध्येच. इथं दोष दोन डिशच्या मधल्या हवेत.

दुपारी एक वाजता परत बघितलं. शंभरात ९४. दुसऱ्या दिवशी सकाळी ५८, दुपारी ९३. मशीन जुनं झालं असतं तर ते सकाळी जुनं आणि दुपारी नवं कसं होईल?

मध्ये चुलतभावाचं रान आहे. आडसाली ऊस, ८६०३२, मागच्या जुलैची लागण. डिश बसवल्या तेव्हा जानेवारी होता आणि ऊस गुडघ्याएवढा होता. आता पंधरा महिन्यांचा ऊस माणसाच्या दुप्पट उंच. मोटारघराची डिश दहा फुटांच्या पाइपवर. वायफायच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि हिरवं पान म्हणजे पाणीच. त्यात पहाटेचं दव. दुपारी दव उडालं की हाका पोचायला लागतात. ६१ आणि ९४ मधला फरक तो होता.

दोन इंची जीआय पाइप वेल्डिंग करून डिश वीस फुटांवर नेली, तीन बाजूंनी ताण दिले, अर्थिंग केलं. खर्च २,६०० रुपये. एक लक्षात ठेवा, समोरची डिश डोळ्यांना नुसती दिसून भागत नाही. मधल्या रेषेच्या खालीवर पण थोडी जागा मोकळी लागते. म्हणून शेंड्याला घासून ठेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, दव असताना, शंभरात शंभर.

तरी दिवसातनं दोन-चार वेळा 'ऑफलाइन' येतच राहिलं. आता मात्र दोन मिनिटांपुरतं. त्यासाठी पत्त्याच्या पुढं आडवी रेघ आणि टी लावून सोडलं. असं केलं की आपण कंट्रोल आणि सी दाबेपर्यंत हाका चालूच राहतात. एका खिडकीत घरची डिश, दुसरीत मोटारघराची. लॅपटॉप टेबलावर ठेवून मी गोठ्यातली कामं उरकत होतो. मोटार चालू झाल्याचा आवाज आला आणि येऊन बघतो तर दुसऱ्या खिडकीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. दीड मिनिटानं परत ओ. घरच्या डिशला काही नाही. मोटार बंद करून परत चालू केली. परत तेच.

साडेसात एचपीची मोटार उठताना व्होल्टेज खाली ओढते, पॅनेलवरच्या मीटरचा काटा सांगतो. डिश तेवढ्यात बंद पडून नव्यानं चालू होते आणि तिला दीड मिनिट लागतं. अडॅप्टरवरचे व्होल्ट बघून राऊटरसाठी मिळतो तसला छोटा यूपीएस बसवला, १,९०० रुपये. तेव्हापासून ती तक्रार नाही.

आणखी एक आज्ञा सांगतो, ट्रेसर्ट. टी आर ए सी ई आर टी, जागा सोडून ८.८.८.८. आपली हाक कुठल्या कुठल्या टप्प्यावरनं जाते ते ओळीनं दाखवते. सहसा पहिली ओळ आपल्या राऊटरची, त्यानंतरच्या इंटरनेटवाल्याकडच्या. इंटरनेट खरंच अडलं असेल तर तिचा फोटो काढून त्यांना पाठवा. पण मधल्या एखाद्या ओळीत नुसत्या चांदण्या दिसल्या आणि पुढच्या ओळींत वेळ येत असली, तर तिथं दोष धरू नका. काही मशिनं वाट देतात पण ओ देत नाहीत. पिंगचंही तसंच आहे. काही लॅपटॉप आणि कॅमेरे चालू असूनही मुद्दाम गप्प ठेवलेले असतात. म्हणून सगळं नीट चालू असताना एकदा प्रत्येकाला हाक मारून बघा आणि कोण ओ देतं ते लिहून ठेवा. चांगल्या दिवसाची नोंद नसेल तर वाईट दिवसाला ताडून बघायला काही राहत नाही. माती परीक्षणाचा मागचा कागद आपण जपून ठेवतो, तसंच हे.

लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड मोबाईलवर टर्मक्स नावाच्या ॲपमध्येही पिंग चालतं. तिथं ते चार हाकांवर थांबत नाही, आपणच थांबवायचं.

माझे पैसे वाचले ते एक झालं. पण मला जास्त विचार वेगळ्याच गोष्टीचा येतो. चुलतभावाच्या उसाला डिसेंबरात तोड आहे. मी १८,५०० घालून डिश आणि बॉक्स बदलले असते तर महिन्याभरात ऊस तुटून रान मोकळं झालं असतं आणि सगळं झकास चाललं असतं. नव्या मशीननं काम केलं, असंच मी म्हटलं असतं, देणाऱ्यानंही म्हटलं असतं. चार जणांना मी तेच सांगितलं असतं. खोडवा वाढला की परत ऑफलाइन, आणि परत नवी डिश. औषधांच्या बाबतीत आपल्याकडं हे किती वेळा होतं बघा. ऊन पडून रोग आपोआप थांबतो आणि नाव शेवटच्या फवारणीचं होतं.

पत्त्यांचा कागद आता प्लास्टिकमध्ये घालून मोटारघराच्या भिंतीला चिकटवलाय. खाली तारीख आणि त्या दिवसाचे आकडे. आता फोन करताना 'चालत नाही' असं म्हणत नाही. घरच्या डिशपर्यंत शंभर, पलीकडं एकसष्ट, असं सांगतो. समोरचा माणूस दुसऱ्याकडं बोट दाखवायच्या आधी दोन मिनिटं थांबतो.

प्लॉटला आज ५२ दिवस. थिनिंग चालू आहे, मजूर कमी पडतायत. त्याचं पुढच्या नोंदीत.