वर्षातून एकदा येणारी भरती

कोकणात ओहोटीच्या वेळी कातळावर उतरलं, की खडकांच्या खळग्यांतून समुद्र थोडा थोडा मागे राहिलेला दिसतो. कुठे हौदाएवढा, कुठे ओंजळीएवढा. त्या पाण्यात समुद्रफुलं आपले मऊ हात पसरून असतात, शंखात राहणारा खेकडा घर पाठीवर घेऊन सरकत असतो, कालवं ओठ मिटून बसलेली असतात. सहा-सव्वासहा तासांनी समुद्र परत येणार, हे त्या सगळ्यांच्या अंगात लिहिलेलं असतं. तोवर जेवढं पाणी आहे त्यात राहायचं आणि जेवढा प्राणवायू आहे तो सगळ्यांनी पुरवून वापरायचा.

असं मागे राहिलेलं पाणी आमच्या वऱ्हाडातही आहे. मेळघाटातून खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या वाहतात. होळी सरली की त्यांची धार बारीक होते, मग तुटते, वाळूत मुरते. उरतात ते डोह. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो काळा कातळ, त्याच्या कुशीत हिरवंगार, स्थिर पाणी. नदीभर पांगलेलं सगळं पाणगोत, म्हणजे मासे, झिंगे, खेकडे, गोगलगायी, चतुराच्या अळ्या, त्या एवढ्याशा जागेत गोळा होतं आणि मृगाची वाट बघतं. कोकणातल्या खळग्याकडे भरती दिवसातून दोनदा येते. आमच्या डोहाकडे ती वर्षातून एकदा येते, आणि येते त्याच समुद्राकडून. अरबी समुद्रावरून निघालेला मोसमी वारा जूनच्या मध्याला इथवर पोचतो, सातपुड्याला अडतो आणि कोसळतो. मेळघाटाच्या नद्या ते पाणी तापीकडे नेतात, अकोल्याच्या उत्तरेनं वाहणारी पूर्णा चांगदेवापाशी तापीला मिळते, आणि सुरतेपुढे तापी समुद्रात उतरते. एक फेरा पुरा होतो. मधल्या आठ महिन्यांत डोह त्या फेऱ्याची आठवण जपून ठेवतो.

असा एक डोह घरी सांभाळावा, असं कुणाच्याही मनात येऊ शकतं. थंड किनाऱ्यांच्या देशांत हौशी लोक काचेच्या पेटीत समुद्राचा खळगा मांडतात आणि यंत्रानं ते पाणी बारा-पंधरा अंशांवर गार ठेवतात. अकोल्याच्या मे महिन्यात, जिथे पारा ४५ अंश ओलांडतो आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, तिथे समुद्रातला जीव आणून ठेवणं हा त्या जिवाचा छळच ठरेल. तो किनारा तिकडेच असू द्यावा. इथल्या पाण्याला इथलेच जीव, आणि गारवाही इथलाच. गारवा करायची विद्या वऱ्हाडाला शिकवावी लागत नाही. वाळ्याच्या ताट्या, सपरीतला माठ, दारापुढचा सडा, खिडकीतला कूलर या सगळ्यांत एकच गोष्ट चालते. पाणी वाफ होऊन निघून जातं आणि जाताना ऊब सोबत घेऊन जातं. एक लीटर पाणी असं उडून गेलं, तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. एवढ्या उष्णतेच्या बदल्यात ५८ लीटर पाणी १० अंशांनी गार होऊ शकतं. आमच्या उन्हाळ्याची हवा जितकी कोरडी, तितकं हे काम जोरात चालतं. ज्या कोरडेपणानं ओठ फुटतात, त्याच कोरडेपणानं माठ गार होतो.

पाणी गार हवं ते कशासाठी, इथे थोडं थांबू या. गारवा हा पाण्यातल्या जिवांसाठी श्वासच असतो. २० अंशांच्या पाण्यात लीटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सातच्याही खाली. आणि पाणी तापलं की त्यातल्या जिवांची भूक वाढते, श्वास जलद होतो, अंगातली सगळी कामं वेग घेतात. म्हणजे गरज वाढत जाते आणि साठा आटत जातो. डोहातले मासे एप्रिलच्या दुपारी कातळाच्या सावलीत, अगदी तळाशी का जाऊन उभे राहतात, ते यावरून उमगतं. तिथे दोन अंश कमी असतात. त्या दोन अंशांत त्यांचा उन्हाळा निभतो.

म्हणून घरच्या डोहासाठी काचेपेक्षा माती बरी. मोठ्या तोंडाचा, पोटाशी रुंद, न रंगवलेला रांजण घ्यावा. तो चार दिवस पाण्यानं भरून, ओतून, पुन्हा भरून मुरवावा. सपरीच्या उत्तरेच्या अंगाला, जिथे सकाळचं कोवळं ऊन तेवढं येतं, तिथे ओल्या वाळूत तो निम्मा पुरावा. काचेच्या पेटीकडे माणूस समोरून बघतो, चित्राकडे बघावं तसं. डोहावर मात्र ओणवं व्हावं लागतं. आधी आपला चेहरा दिसतो, मग आपल्यामागचं आभाळ दिसतं, आणि डोळे त्या दोन्हींच्या पलीकडे गेले की पाणी आपलं आतलं घर दाखवू लागतं. तळाशी नदीपात्रातली जाडी वाळू, तिच्यावर काळे दगड असे रचावेत की त्यांच्यात कपारी राहतील. पाणी काठापासून वीतभर खाली. दगड आणि वाळू गावाजवळच्या नाल्यातली चालते. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात पहिल्यांदा घोषित झालेल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, आणि तिथला गोटासुद्धा तिथल्याच कुणाचं तरी छप्पर असतो. तिथून फक्त बघणं घेऊन यावं.

नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवलं की त्यातला क्लोरिन निघून जातो. मग ते रांजणात भरावं, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या चार काड्या सोडाव्यात आणि थांबावं. हे थांबणं मला या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं. दिसायला तिथे काहीच घडत नसतं. पण कुजणाऱ्या पानातून अमोनिया सुटतो, तो जलचरांना विषासारखा. वाळूच्या कणाकणावर एक जिवाणू येऊन वस्ती करतो, अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषच. मग दुसरा येतो, त्या नायट्राइटचं नायट्रेट करतो, आणि ते वनस्पती शोषून घेतात. या दोन अदृश्य वस्त्या नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा सोडू नये. ज्यांना आपण कधी बघणार नाही अशांसाठी आधी घर बांधायचं, मग ज्यांना बघायचं आहे त्यांना बोलवायचं.

आता मिठाची गोष्ट. गारव्याची किंमत या पाण्याला मिठात मोजावी लागते. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. काही रांजणाच्या छिद्रांतून पाझरून बाहेर येतात, मातीवर पांढरा लोणा फुटतो, आणि त्याच लोण्यानं छिद्रं बुजत जाऊन रांजणाचा गारवा कमी होतो. बाकीचे आतच साठतात. रोज उडालेल्या पाण्याच्या जागी नवं ओतावं, तर त्याच्यासोबत आणखी थोडे क्षार येतात. भर दुपारी कोकणातल्या कातळावरच्या खळग्यात हेच होतं, पाणी आटतं आणि खारटपणा चढतो. तिथे संध्याकाळी समुद्र येऊन हिशोब पुसून टाकतो. आमच्याकडे पुसायला कुणी यायचं नसतं.

वऱ्हाडच्या माणसाला हे सांगावं लागू नये. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. वर कपाशीची काळीभोर जमीन, खाली विहिरीला लागतं ते मचूळ, खारं पाणी. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर, शेतात उभं राहून ओंजळीत घ्यावं आणि तोंड वाकडं व्हावं. निचरा नाही, पाऊस बेताचा, ऊन अपार, आणि आटण्याचा क्रम चालूच. म्हणून तिथला शेतकरी शेततळं खोदतो आणि आभाळाचं पाणी खालच्या पाण्यात मिसळू न देता धरून ठेवतो. त्याच्याही पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. कातळात उल्केनं कोरलेला खळगा, ज्यातून पाण्याला बाहेर जायला वाट नाही. जून २०२० मध्ये त्याची पातळी उतरली, खारटपणा वाढला आणि सगळं सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासलं, तेव्हा तो रंग मिठात फुलणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला. इतरांना जिथे जगणं अशक्य व्हावं, तिथे कुणाचा तरी वसंत आला होता. सपरीतला रांजण हे लोणारचंच धाकटं भावंड. त्यानं गुलाबी होऊ नये, एवढंच आपल्या हातात असतं. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून झाडांना घालावं आणि तेवढंच साठवणीचं पावसाचं पाणी भरावं.

पण अगदीच गोडं, धुतलेलं पाणीही चालत नाही, हे आणखी एक सूक्ष्म नातं. गोगलगायीचं कवच चुन्याचं, झिंग्याची सालही चुन्यानंच घट्ट होते, आणि पावसाच्या पाण्यात चुना नसतो. त्यासाठी आपल्याच काळ्या रानात नांगराच्या तासाला लागणारे चुनखडीचे पांढरे खडे धुऊन तळाशी टाकावेत. ते हळूहळू झिजतात आणि कुणाच्या तरी पाठीवर पुन्हा घट्ट होतात.

झिंगे मागायचे ते भोई मंडळींकडे. तलावावर पहाटे जाळं ओढलं की ओल्या शेवाळात ते उड्या मारत असतात. बोटाच्या पेराएवढे, पारदर्शक, आतला अन्नाचा काळा धागासुद्धा दिसावा असे. त्यांच्याचकडून दोन-चार गोगलगायी आणि रास्बोरा नावाचे बोटभर मासे, डोळ्यापासून शेपटीपर्यंत एकच काळी रेघ ओढलेले. डासांच्या अळ्या ते टिपतात, म्हणून रांजण शेजाऱ्यांच्या तक्रारीचं कारण ठरत नाही. आरोग्य केंद्रात गप्पी मासे सहज मिळतात, पण ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले. एकदा ओढ्यात निसटले की इथल्या माशांच्या अन्नावर आणि जागेवर बसतात. मला ते घरच्या डोहात नको वाटतात. आणि आपल्याकडचा कोणताही मासा, आवडेनासा झाला किंवा फार वाढला म्हणून, नदीत नेऊन सोडू नये. तो नदीवर उपकार होत नाही.

गोगलगाय चालते ते बघण्यासाठी दगडावरचं हिरवं शेवाळ आधी चांगलं दाट होऊ द्यावं. मग सकाळच्या तिरप्या उजेडात दिसतं, की ती जिथून गेली तिथे शेवाळावर बारीक, नागमोडी, जवळजवळ विणीसारखी नक्षी उमटली आहे. तिच्या जिभेवर दातांच्या रांगा असतात. डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि प्रत्येक हेलकाव्याला एक इवलासा घास. चार दिवसांनी ती नक्षी पुन्हा हिरवळीनं भरते. ती पुन्हा कोरायला गोगलगाय येते.

एखाद्या सकाळी तळाशी झिंगा मरून पडल्यासारखा दिसेल. काचेसारखा, मिशांसकट अख्खा. हात घालून बाहेर काढू नका. ती त्याची टाकलेली साल आहे. तो स्वतः दगडाच्या कपारीत असेल, मऊ, निःशस्त्र, नवी साल घट्ट व्हायची वाट बघत. दिवसभरात त्या जुन्या सालीला इतर झिंगे कुरतडू लागतात, कधी तोच परत येऊन खातो. त्यातला चुना वाया जाऊ द्यायचा नसतो.

मग एक दिवस न बोलावलेला पाहुणा येतो. चतुराच्या गोतातली सुईएवढी निळी टाचणी हायड्रिलाच्या काडीवर बसते, शेपूट वाकवून पाण्यात बुडवते आणि अंडी घालून निघून जाते. तिची अळी शेपटीच्या टोकाला तीन नाजूक पानं घेऊन फिरते, आणि त्या पानांनीही ती श्वास घेते. रास्बोराच्या नजरेतून जी वाचते, तीच एका सकाळी काडीवर चढते, तिची पाठ उकलते आणि आतून पंख बाहेर येतात. सपरीतल्या मातीच्या भांड्याला आसपासच्या पाण्यांशी जोडणारा धागा हा असा हवेतूनच जातो. त्यासाठी वर जाळी घालू नये.

नवतपाचे नऊ दिवस मात्र जपून काढावे लागतात. मे संपताना सूर्य तळपत असतोच, आणि हवेत ओल यायला लागली की वाफ होण्याचा वेग मंदावतो, माठ पूर्वीसारखा गार होत नाही. सर्वांत अवघड घटका पहाटेची असते. रात्रभर वनस्पतीही श्वासच घेतात, प्राणवायू परत देत नाहीत, आणि उजाडायच्या आत पाण्यातला साठा तळाला जातो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर तांब्यानं पाणी उचलून वीतभर उंचीवरून हलकेच परत ओतावं, पुन्हा पुन्हा. त्या धारेबरोबर हवा आत जाते. या दिवसांत अन्न निम्मं करावं, रांजणाभोवतीची वाळू दिवसातून तीनदा भिजवावी, तोंडावर ओलं गोणपाट आडवं टाकावं, निम्मं उघडं ठेवून.

आणि मग मृग लागतो. पहिल्या सरीचं पाणी धरू नये. तिच्यात छपरावरची आठ महिन्यांची धूळ आणि पाखरांची घाण उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाचं, पन्हाळ स्वच्छ वाहू लागल्यावरचं पाणी धुतलेल्या पिंपांत भरावं. रांजणातलं जुनं पाणी एकदम काढू नये, इतक्या दिवसांत त्या जिवांना त्याची सवय झालेली असते. चार-पाच दिवसांत थोडं थोडं बदलत न्यावं. उरलेली पिंपं घट्ट झाकून सावलीत ठेवावीत, पुढच्या मेपर्यंत पुरतील इतकी.