डू द नीडफुल

नोकरीला लागलो तेव्हा मला पंचायत समितीच्या आवक-जावक टेबलावर बसवलं. मसुदे मराठीत असायचे, तोंडी सूचना मात्र अशी: "हे बांधकामला फॉरवर्ड कर, खाली डू द नीडफुल टाक." टाकायचं म्हणजे 'पुढील आवश्यक त्या कार्यवाहीसाठी सविनय सादर' ही ओळ लिहायची. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. त्यानंतर कागद मराठी झाले, पण शेवटच्या ओळीतल्या इंग्रजाची बदली काही झाली नाही.

एका शाळेचं छप्पर गळत होतं. मुख्याध्यापकांचं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात, तिथून बांधकामला, तिथून उपअभियंत्यांकडे गेलं. प्रत्येक टेबलावर 'आवश्यक त्या कार्यवाहीसाठी' हा शेरा. आवश्यक काय, पैसे की पाहणी, कौलं की पत्रे, हे कुणीच लिहिलं नव्हतं. शेवटी 'आवश्यक ती कार्यवाही करून अहवाल सादर करावा' असं म्हणत पत्र मुख्याध्यापकांकडेच परतलं. आता गुरुजींनीच वर चढून कौलं चाळायची!

तरीही ही ओळ मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. कनिष्ठ सहायकाने साहेबांना 'निधी द्या' असं कोणत्या तोंडाने लिहावं? ही ओळ हुकूम न सोडता काम सांगते. खालून वर जाताना ती 'सविनय' असते, वरून खाली उतरताना नुसतं 'करावी'.

माझी भाची पुण्यात आयटी कंपनीत आहे. परदेशी ग्राहकांना 'डू द नीडफुल' लिहू नका, असं तिला प्रशिक्षणात सांगितलं. "मामा, यात चुकलं काय?" तिने विचारलं. व्याकरणाचं काहीच नाही. हा प्रयोग मूळचा ब्रिटिशांचाच, पण तिकडे तो जुनाट झाला आणि इकडे टिकला. आपल्याकडे वाचणारा मागचापुढचा कागद बघून अंदाज बांधतो. लंडनचा माणूस सरळ विचारतो, नेमकं काय करू?

तोच प्रश्न आमचे वरिष्ठ सहायक, सगळ्यांचे भाऊसाहेब, विचारायचे. मसुद्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणायचे, "कोणी, काय, कधीपर्यंत? ते आधी वर लिही. मग खाली हे खुशाल राहू दे."

छपराचं पत्र त्यांनी माझ्याकडून पुन्हा लिहून घेतलं. फुटकी कौलं, कुजलेले वासे, अंदाजपत्रकाची मागणी, मृगाच्या आधीची तारीख, आणि तळाशी नीडफुल होतंच. या खेपेला उपअभियंता पाहणीला आले.