काट्यावरची तार

आम्ही आजवर जे काही लिहिले, त्यातले सर्वांत अधिक वाचले गेलेले लेखन साडेतीनशे ओळींचे होते आणि त्याचा वाचक माणूस नव्हता. टर्बो पास्कल या भाषेत १९९१ साली लिहिलेले ते एक ‘युनिट’ होते. साखर कारखान्याच्या वजनकाट्याकडून तारेने येणारे आकडे संगणकात उतरवून घेणे, एवढेच त्याचे काम. ते लिहिताना आम्हांला विलक्षण आनंद झाला होता, हे आधीच कबूल केलेले बरे. कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात आनंदाचा भाग थोडा आहे.

आज कोणतेही यंत्र संगणकाला जोडले की ते आपसूक ओळखले जाते. त्या काळी तसे नव्हते. आयबीएमने १९८१ साली आणलेल्या पीसीला आणि त्याच्या असंख्य भावंडांना बाहेरच्या जगाशी बोलण्यासाठी सिरियल पोर्ट असे आणि त्यामागे बहुधा ८२५० या क्रमांकाची चिप. तारेतून एकामागोमाग येणारे बिट गोळा करून ती अक्षर जुळवी आणि ते हातात धरून उभी राही. हातात मावे एकच अक्षर. पुढचे अक्षर पुरे होईपर्यंत आधीचे कोणी उचलले नाही, तर ते कायमचे गेले. सेकंदाला ९६०० बिटांचा वेग असेल तर ही मुदत जेमतेम एक सहस्रांश सेकंदाची. यंत्राच्या बायॉसमध्ये यासाठी एक सोय होती, पण ती ‘आले का, आले का’ म्हणून दारात डोकावणाऱ्यातली. डोकावणारा जरा दुसऱ्या कामाला लागला की टपाल हुकले!

म्हणून ज्याला हे काम नीट करायचे असे, तो स्वतःचे युनिट लिही. चिपने अक्षर आल्याबरोबर प्रोसेसरला हाक मारायची. प्रोसेसरने हातातले काम जागच्या जागी ठेवून अक्षर उचलायचे, स्मृतीतल्या एका चक्राकार रांगेत शेवटी ठेवायचे आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचे. मूळ कार्यक्रमाने सवडीने रांगेच्या पुढच्या टोकाकडून अक्षरे घ्यायची. वर्णन सोपे आहे. पण सारे काही पुस्तकाबरहुकूम करूनही हाक ऐकू येईना तेव्हा आमच्या दोन रात्री गेल्या. ‘आउट-२’ नावाचा एक बिट चालू केल्याखेरीज हाक प्रोसेसरपर्यंत पोहोचूच नये, अशी जोडणी आयबीएमने पीसीत करून ठेवली होती. चिपच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख असण्याचे कारण नव्हते, कारण ती चिपची गोष्टच नव्हे. तसेच कार्यक्रम संपताना हाकेचा जुना पत्ता जागेवर ठेवावा लागे. तो ठेवायला विसरले की पुढचे अक्षर येताच यंत्र भलत्याच जागी उडी मारी आणि गोठे.

आमचे युनिट गोठले नाही. एकही अक्षर हरवले नाही, याचा आम्हांला अभिमान होता. त्याच हंगामात ते काट्यावर बसले.

गळीत हंगामातली रात्रीची पाळी ज्यांनी पाहिली नाही, त्यांना ती कशी सांगावी? दूरवर लागलेली गाड्यांची रांग, गाडीखाली हेलकावणारे कंदील, बैलांपुढे टाकलेले वाढे, थंडीत भिनलेला मळीचा वास. गाड्या हाकणारे बहुतेक बीडकडचे. जोडप्याने ऊस तोडायचा, गाडीत भरायचा, कारखान्यावर आणायचा, मजुरी टनावर. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची तीही याच टनांतून. शेतकऱ्याचे पैसेही त्याच पावतीवर. ‘काटामारी’ हा शब्द या मुलखात लहान मुलालाही ठाऊक असतो.

एके पहाटे एक गाडीवान दोन पावत्या घेऊन आमच्या खोलीच्या दारात उभा राहिला. एक त्याची, एक त्याच्या पुढच्या गाडीची.

“सायेब, दोनीचं वजन येकच हाय बगा. त्याची गाडी माझ्यापरीस हलकी.”

“मामा, काटा दहा किलोच्या टप्प्यानं मोजतो. कधीकधी जुळतं.”

“जुळंल की. पर माझं आठवड्यात दोनदा जुळलं.”

आम्ही त्याला बसायला सांगितले नाही. संगणकाला चूक ठाऊक नसते असे काहीसे बोललो. ते आठवले की आजही कानकोंडे व्हायला होते.

तो गेल्यावर मात्र चैन पडेना. काट्याचा दर्शक सेकंदाला वीस वेळा वजन पाठवी, प्रत्येक वेळी बारा अक्षरे. आमची रांग ४०९६ अक्षरांची. कोणी उचलले नाही तर सतरा सेकंदांत भरे आणि भरली की नवी अक्षरे बाहेरच राहत. कारकून वजन घेतल्यावर गट क्रमांक, शेतकऱ्याचा क्रमांक घालून पावती छापी, तेवढा वेळ रांगेकडे कोणी पाहत नसे. दिवसा हे खपून जाई. छपाई झाल्यावर पुढची गाडी येईपर्यंत कार्यक्रम साचलेले वाचून संपवी. रात्रीच्या गर्दीत छपाई संपायच्या आत पुढची गाडी काट्यावर चढलेली असे आणि कारकुनाने कळ आधीच दाबलेली असे. कार्यक्रम मग रांगेतले पहिले वजन उचली. ते निघून गेलेल्या गाडीचे असे.

काहीही हरवू नये, या धास्तीने आम्ही जे टाकून द्यायला हवे होते तेही जपून ठेवले होते. ८२५० नंतर १६५५०ए ही सोळा अक्षरे सांभाळणारी चिप १९८७ साली आली आणि पुढे तीच रूढ झाली. पण तिने आमची चूक सुधारली नसती. आम्हीच केलेल्या चाचण्यांत ती दिसली नाही, कारण चाचणी करणारा निवांत होता.

नोंदवही घेऊन बसलो. तीन रात्रींत लागोपाठ एकच वजन असलेल्या अकरा जोड्या निघाल्या. त्यातल्या काही खऱ्याही असतील. कोणत्या, ते कळायला मार्ग नव्हता. जड गाडीचे कमी झाले तसे हलक्या गाडीचे वाढलेही असणार. काट्यावरच्या वरिष्ठांना हे सांगितले तेव्हा त्यांनी नेमके हेच बोट धरले: सरासरीत सगळे बसते, कारखान्याचे यात काही गेले नाही, हंगाम चालू आहे, बभ्रा नको. त्यांचे अंकगणित चूक नव्हते. पण उचल फिटते ती ज्याच्या त्याच्या टनांनी. हे तेव्हा आम्ही म्हणालो नाही. दुरुस्ती मात्र त्याच दुपारी केली: वजन घेण्यापूर्वी रांग रिकामी करायची आणि नव्याने आलेले वजन वाचायचे. एक ओळ. छापलेल्या पावत्या तशाच राहिल्या.

दोन दिवसांनी तो गाडीवान पुन्हा दिसला. आम्हीच हाक मारली.

“मामा, आता तसं होणार नाही. दुरुस्त केलंय.”

“मंजी काटा बिघडला व्हता?”

“काटा नव्हता बिघडला.”

पुढचे वाक्य जुळवीत आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. तोही थांबला. मग त्याने कोपरीच्या खिशातून त्या दोन पावत्या काढल्या, एकदा आमच्याकडे पाहिले, पुन्हा घडी घालून आत ठेवल्या आणि रांग पुढे सरकली होती म्हणून तो बैलांकडे गेला.