सीट निघते, भाऊ!

निवडणूक जाहीर होते महिना-दीड महिना आधी, पण वऱ्हाडात ती अंगात येते शेवटच्या चार-पाच दिवसांत. तोवरचं सगळं नेत्यांचं असतं. कोणाला तिकीट मिळालं, कोण रुसलं, कोणाच्या घरी जाऊन कोणी मनधरणी केली, हे लोक पेपरात वाचतात आणि पेपर भजे बांधायला देतात. मग एका सकाळी अमरावतीच्या राजापेठेतल्या किंवा अकोल्याच्या डाबकी रोडवरच्या पानठेल्यावर कोणीतरी विचारतं, "का म्हंते बावा वातावरण?" आणि सायकलला पाय टेकवून उभा असलेला माणूस, ज्याला आयुष्यात कोणत्याही पक्षानं पदाधिकारी केलेलं नाही, छातीवर हात ठेवून सांगतो, "सीट निघते, भाऊ."

२०२४च्या लोकसभेला अमरावती आणि अकोला या दोन्ही मतदारसंघांत २६ एप्रिलला, शुक्रवारी मतदान होतं. त्याआधीचा पंधरवडा कॅलेंडरवर नुसता पाहिला तरी दमायला होतं. ९ला पाडवा, १४ला बाबासाहेबांची जयंती, १७ला रामनवमी, २३ला हनुमान जयंती आणि २४च्या संध्याकाळी सहाला प्रचार बंद. वऱ्हाडातल्या कार्यकर्त्याला यातलं काहीच टाळता येत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत घसा बसलेला पोरगा दुसऱ्या दिवशी त्याच घशानं रिक्षातून उमेदवाराचं नाव ओरडतो. मारोतीच्या पारावर महाप्रसादाच्या पंगतीत वांग्याची भाजी वाढणारा आणि पंगत उठल्यावर दारोदार चिठ्ठ्या वाटणारा, माणूस एकच. त्यात अकोल्याचा एप्रिल. हे शहर देशातल्या तापलेल्या शहरांच्या यादीत दरवर्षी नाव लावतं, त्यामुळे प्रचाराचं वेळापत्रक पक्ष ठरवत नाही, ऊन ठरवतं. सकाळी सहा ते दहा आणि मग संध्याकाळी साडेपाचनंतर. मधले सात-आठ तास माणसं कूलरसमोर बसून हिशेब मांडतात. आशा तयार होते ती या दुपारी.

अशा एका दुपारचं ऑफिस मी जवळून पाहिलं आहे. पक्ष सांगत नाही, कारण तिन्ही पक्षांची ऑफिसं सारखीच दिसतात. भाड्यानं घेतलेला गाळा, शटर अर्धं खाली ओढलेलं, वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खडखडतोय, कोपऱ्यात पाण्याचा जार, दोऱ्यानं बांधलेले झेंड्यांचे गठ्ठे. मधोमध सतरंजीवर मतदार यादी. एका बूथवर साधारण हजार-बाराशे मतदार. यादीच्या प्रत्येक पानावर दोन रंगांच्या पेनांनी खुणा केलेल्या. टिक म्हणजे आपला, फुली म्हणजे त्यांचा, गोल म्हणजे डगमग. काही नावांपुढं नुसतंच "पुणे" लिहिलेलं, काहींपुढं "मयत", एका नावापुढं "लग्न होऊन परतवाडा". यादी वाचणारी बाई बचत गटातली होती, चष्मा कपाळावर ढकललेला. नाव उच्चारलं की ती घर सांगायची, घर सांगितलं की भांडण सांगायची. "याच्या भावासंगं नालीवरून वाद हाय. भाऊ आपल्याकडं आला, तं हा तिकडं जाते." पोरानं मुकाट्यानं टिकेची फुली केली. ज्याला आपण राजकीय विश्लेषण म्हणतो, ते इतक्या खालच्या मजल्यावर नालीपर्यंत पोचलेलं असतं, आणि तिथं ते बहुतेक वेळा बरोबर निघतं.

पुण्याच्या नावांना मग फोन लागतात. वऱ्हाडातली तरणी पोरं हिंजवडीला किंवा चाकणला असतात, आणि शेवटच्या दोन दिवसांत गावातल्या कार्यकर्त्याचा निम्मा जीव त्यांच्या तिकिटात अडकलेला असतो. "शुक्रवार हाय, शनिवार-रविवार लागून आला, ये ना बे!" आईच्या हातचं खायला ये, वावरातलं काम आहे, मित्राचं लग्न आहे, काय वाट्टेल ते सांगून बोलावतात. आला तर एक मत. पण फोन ठेवल्यावर "येतो म्हंते" एवढ्या दोन शब्दांवर पोरांचे चेहरे असे खुलतात, की जणू अख्खी अमरावती-पुणे एक्स्प्रेस आपल्याच मतदारांनी भरून येते आहे.

गंमत अशी, की त्या दुपारी शहरात असे शेकडो गाळे असतात आणि प्रत्येकात सीट निघत असते. लोकसभेची जागा एकच. मग कोणी खोटं बोलतं का? बोलत नाही. वऱ्हाडी माणूस दारात आलेल्याला नाही म्हणत नाही, हे त्यामागचं साधं कारण आहे. आधी खुर्ची, मग पाणी, उन्हाळा असेल तर कैरीचं पन्हं, आणि वर "तुमचंच काम हाय ना भाऊ." हे वाक्य तो सकाळी एका पक्षाला म्हणतो, संध्याकाळी दुसऱ्याला, आणि दोन्ही वेळा त्यात आदरातिथ्य असतं, वचन नसतं. नवा कार्यकर्ता तिथंच टिक करून मोकळा होतो. जुना मात्र ऐकतो. मला एका जुन्या माणसानं सांगितलं होतं, जो लगेच "तुमालेच" म्हणतो तो आपला नाही; जो "पाहू ना बाप्पा" म्हणून आपली गाऱ्हाणी सांगायला लागतो, पाणी आलं नाही, विमा आला नाही, पोराला नोकरी नाही, तो आपला होऊ शकतो. भांडायला माणूस आपलाच लागतो.

एवढं कळूनही तो जुना माणूस त्या दुपारी आशेवरच होता. कार्यकर्त्याची आशा शक्यतेवर उभी नसते, हे मला वऱ्हाडात कळलं, आणि ते भोळेपणाचं लक्षण आहे असं मी म्हणणार नाही. कारण या भागात अशक्य वाटलेल्या सीटा निघालेल्या आहेत. १९८९ला अमरावतीनं भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या सुदामकाका देशमुखांना लोकसभेत पाठवलं. कापसाच्या आणि संत्र्याच्या मुलखात कणीस-विळा! त्या प्रचाराच्या आठवणी सांगणारी माणसं आज सगळ्या पक्षांत विखुरलेली सापडतात, आणि सायकलीवर फिरून भाकर बांधून नेल्याचं प्रत्येक जण सांगतो. सगळेच त्यात नसतीलही. पण ज्या विजयात आपण होतो असं लोकांना नंतर सांगावंसं वाटतं, तो विजय काहीतरी वेगळा असला पाहिजे. पुढं १९९८. त्या वर्षी महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार निवडून आले, चौघंही खुल्या जागांवरून. मुंबईतून रामदास आठवले, चिमूरहून जोगेंद्र कवाडे, आणि उरलेले दोघं वऱ्हाडातले शेजारी: अमरावतीतून रा. सू. गवई, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर. बडनेरा-मूर्तिजापूरच्या पट्ट्यात तेव्हा जे तरुण होते, त्यांच्या दृष्टीनं राजकारणात काय होऊ शकतं याची मर्यादा त्या एका मार्चमध्ये कायमची सरकली. ती लोकसभा जेमतेम तेरा महिने टिकली, ही गोष्ट निराळी.

१९९९ला अमरावती पुन्हा शिवसेनेच्या अनंत गुढेंकडं गेली. अकोल्यानं मात्र आंबेडकरांना पुन्हा निवडून दिलं. आणि तिथून पुढं जे घडलं, ते या सगळ्या विषयातलं मला सर्वांत विचार करायला लावणारं प्रकरण वाटतं. २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४. दर वेळी आंबेडकर उभे, दर वेळी पराभव. २०१९ला त्यांना पावणेतीन लाखांच्या वर मतं पडली, पाच वर्षांनी तिरंगी लढतीत तिसऱ्या क्रमांकावर जाऊनही जवळपास तेवढीच. म्हणजे मधल्या काळात सरकारं फिरली, पक्ष फुटले, चिन्हं वाटली गेली, आणि ही पावणेतीन लाख माणसं होती तिथंच होती. ती कोणी टिकवली? अकोट फैलातल्या, बार्शीटाकळीच्या, पातूरच्या त्या पोरांनी, ज्यांचे बाप १९९८ला हेच करत होते. शेवटच्या तीन दिवसांत यांच्या गाळ्यावर गेलं तर जिंकत आलेल्यांच्या गाळ्यापेक्षा जास्त आवाज असतो.

जिंकत आलेल्यांची आशा वेगळ्या जातीची असते. भाजपचे संजय धोत्रे अकोल्यातून सलग चार वेळा निवडून आले, २०१९ला तर पावणेतीन लाखांहून जास्त मतांनी. त्यांच्या कार्यकर्त्याला सीटची काळजी नव्हती, त्याला लीडची होती. आपल्या गावचं लीड शेजारच्या गावापेक्षा कमी पडू नये, एवढ्यासाठी माणसं रात्री बारापर्यंत जागत. २०२४ला त्यांचे चिरंजीव अनुप धोत्रे उभे राहिले तेव्हा या गोटातही पहिल्यांदाच पोटात थोडा गोळा होता, आणि मला वाटतं त्यामुळंच तिथली दुपारही त्या वर्षी जिवंत वाटली. सोपी निवडणूक कार्यकर्त्याला नासवते.

अमरावतीत त्याच आठवड्यात भलताच रंग होता. भाजपच्या नवनीत राणा, काँग्रेसचे दर्यापूरचे तेव्हाचे आमदार बळवंत वानखडे, प्रहारचे दिनेश बूब. सायन्सकोर मैदानाची परवानगी आपल्याला होती असं प्रहारचं म्हणणं, मैदान गेलं अमित शहांच्या सभेला, आणि २३ तारखेला प्रहारचे नेते बच्चू कडू पोलिसांशी वाद घालत तिथं उभे. सभा कोणाची किती मोठी होणार यावर त्या रात्री अमरावतीत पैजा लागल्या. पण सभांचा आणि कार्यकर्त्याचा संबंध लोक समजतात तितका नाही. सभेला माणसं गाड्यांनी येतात, काही रोजीनं येतात, हे उघड गुपित आहे, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एप्रिलात वावरात काम नसतं. फरक असा, की रोजीवर आलेला माणूस सभा संपली की घरी जातो. बिनरोजीचा मागं थांबून खुर्च्या मोजतो, तुटलेल्या किती ते लिहून ठेवतो, आणि मंडपवाल्याशी हुज्जत घालतो.

२४ला संध्याकाळी सहाला भोंगे थांबले. ती रात्र आणि पुढचा दिवस मात्र कार्यकर्त्याचा खरा हंगाम. कोणाच्या गल्लीत लक्ष्मीदर्शन झालं, कोणाच्या नाही, अफवा मोटरसायकलीपेक्षा वेगानं पळतात, आणि अशा रात्री घरच्या ओट्यावर पाळत ठेवत बसलेली पोरं गप्पा कशाच्या करतात? शकुंतलेच्या. अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळची ती छोटी गाडी बंद पडून वर्षं झाली, पण प्रत्येक निवडणुकीत ती एकदा तरी रुळावर येते. किंवा बेलोऱ्याच्या विमानतळाच्या. तेव्हा तिथून प्रवासी विमान उडायचं होतं (ते एप्रिल २०२५मध्ये उडालं, हे पोरांना सांगायला हवं).

मेळघाटात तेव्हा वेगळीच रात्र होती. तिथल्या रंगुबेलीच्या बाजूच्या काही गावांनी रस्ता नाही, वीज नाही, म्हणून मतदानावरच बहिष्कार घातला. धारणीकडं पाठवलेल्या शहरी कार्यकर्त्यांना आपली टिक-फुलीची यादी तिथं निरुपयोगी ठरताना दिसली. गोलसुद्धा करता येईना.

मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाचला जिल्हा परिषदेच्या शाळेत पोलिंग एजंट हजर. प्रत्यक्ष मतदानाआधी यंत्रावर किमान पन्नास मतं टाकून चाचणी होते, ती सगळ्या एजंटांच्या डोळ्यांदेखत. रात्रभर एकमेकांवर पाळत ठेवणारे हे लोक तिथं एकाच बाकावर बसतात, एकाच डब्यातला आलुपोंगा खातात, आणि दुपारपर्यंत एकमेकांच्या म्हाताऱ्या मतदारांना हात धरून आत सोडतात. बाहेर दोनशे मीटरवर टेबल, दोन खुर्च्या, वर ताडपत्री. दुपारी एकला रस्ता ओस पडला की यादीतल्या राहिलेल्या टिका बाहेर काढायला पोरं पळतात. "मावशी, राह्यल्या का तुमी? चला, गाडीवर बसा." मावशी म्हणते, पापड वाळत घातले आहेत. पोरगा पापड उचलतो.

मग चाळीसेक दिवसांची वाट. निकाल ४ जूनला होता. मधे १० मेला अक्षय तृतीया आली आणि बुलडाण्याकडच्या भेंडवळला घटमांडणी झाली. तिथं घटात मांडलेल्या धान्यावरून पिकाचं आणि विड्याच्या पानावरून राजाच्या गादीचं भाकीत सांगण्याची जुनी रीत आहे. कोणत्याही पक्षाचा असो, वऱ्हाडी कार्यकर्ता भेंडवळ मानत नाही असं म्हणतो आणि काय सांगितलं ते विचारतो.

वानखडे १९,७३१ मतांनी निवडून आले. १९९१ला प्रतिभाताई पाटील जिंकल्यानंतर अमरावतीत पंजा पहिल्यांदाच निघाला. अकोल्यात अनुप धोत्रे जिंकले, पण लीड चाळीस हजारांच्या घरात उतरलं. अमरावतीच्या राजकमल चौकात गुलाल, अकोल्यातल्या काही गल्ल्यांत कुलूप लावलेले गाळे.

ती कुलपं पाच महिन्यांत उघडली. २० नोव्हेंबरला विधानसभा. तीच यादी, नव्या पानांची. तीच पोरं, या वेळी स्वेटर घालून. सोयाबीन घरात आलेलं, हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याच्या किती तरी खाली. त्यामुळं दारात या खेपेला पन्ह्याच्या जागी प्रश्न होता. बाळापूर रस्त्यावरच्या एका गावात एका म्हाताऱ्यानं चिठ्ठी हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि विचारलं, "भाव कवा देता?"

पोरगा म्हणाला, "माह्याबी घरी पडून हाय ना काकाजी, चाळीस पोते."

"मंग?"

"मंग का. तुमी सांगा."

म्हाताऱ्यानं त्याला ओट्यावर बसवलं. अर्ध्या तासानं पोरगा उठला तेव्हा त्यानं नावापुढं गोल केला, थोडं थांबला, आणि त्यात टिक मारली.