गवताचा वैशाख

वैशाखातल्या भर दुपारी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर येथील एका गृहसंकुलाच्या फाटकातून टँकर आत शिरला आणि त्यातील पाणी टाकीत न पडता समोरच्या हिरवळीवर पडू लागले, तेव्हा माझी पावले आपोआप थांबली. हजार चौरस मीटर हिरवळ उन्हाळ्यात टवटवीत राखावयाची तर तिला रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे दिवसाकाठी ५,००० ते ६,००० लिटर. याच गावच्या जमिनीचा आणि माणसांच्या कष्टांचा बारकाईने अभ्यास करून कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला होता. जिराईत, बागाईत, गायरान अशी प्रतवारी जाणणाऱ्या आमच्या महसुली दप्तराला, केवळ पाहण्यासाठी राखलेल्या गवताची ओळखच नव्हती.

इंग्लंडात बाराही महिने पाऊस झिमझिमतो. तेथे ग्लॉस्टरशायरातील एडविन बडिंग याने, लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून, १८३० साली गवत कापण्याचे यंत्र सिद्ध केले, ते त्या हवेला साजेसेच होते. पुण्याच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस येतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेल्या कोरड्या काळाची तजवीज येथील गवताने फार पूर्वीच करून ठेविली आहे.

सासवडपलीकडच्या माळावरून आजोबांबरोबर परतताना त्यांच्या धोतराचे सोगे कुसळांनी भरून जात आणि ओसरीवर बसून ती एकेक उपटण्याचे काम माझ्याकडे येई. कुसळी गवताचे बी मी तेव्हा प्रथम निरखून पाहिले: खाली सुईसारखे तीक्ष्ण टोक, त्यावर मागच्या बाजूस कललेली तांबूस राठ लव, आणि वर पीळ भरलेले लांब काळपट कुसळ. आजोबा त्याला पाण्याचे बोट लावून माझ्या तळहातावर ठेवीत. क्षणभर काहीच होत नसे, मग तो पीळ हळूहळू उलगडू लागे आणि घड्याळाच्या काट्यासारखे ते कुसळ गोल फिरे. वाळले की पुन्हा पीळ बसे. दंवाने भिजत, उन्हाने वाळत, असे फिरत फिरत ते बी जमिनीत शिरते आणि ती राठ लव त्याला मागे सरकू देत नाही. अशा रीतीने, कोणाही माळ्याच्या हाताची अपेक्षा न ठेवता, कुसळी स्वतःची पेरणी स्वतःच करून मृगाची वाट पाहत राहते. इतकी देखणी यंत्ररचना मी पुढे कोणत्याही कारखान्यात पाहिली नाही.

दर आठवड्यास कातरल्या जाणाऱ्या हिरवळीला तुराच येत नाही. तुरा नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून मुनियांचे थवेही तेथे उतरत नाहीत. त्यापेक्षा अंगणाच्या कडेने मारवेल मोकळेपणी वाढू द्यावी, कार्तिकात विळ्याने कापून गवळ्याला द्यावी. जेथे थोडी ओल टिकते तेथे जलपिंपळी लावावी, कारण ती पेऱ्यापेऱ्याला मुळे धरीत जमिनीलगत पसरते, पायाखाली तुडवली तरी तग धरते आणि तिच्या पांढुरक्या-जांभळट बोंडांवर फुलपाखरे येतात. चैत्रापासून पिवळे पडलेले अंगण मला तरी ओसाड वाटत नाही. पिवळेपणा हाही गवताचा एक ऋतूच आहे, आणि त्याची शोभा पाहावयास आपण शिकले पाहिजे.

मुलांना खेळावयास मऊ जमीन हवीच असेल तर हरळी राखावी, ती चार बोटे उंच ठेवून कापावी आणि उन्हाळ्यात तिचे पाणी खुशाल तोडावे. वरची पाती करपली तरी खालच्या मुळ्या जिवंत असतात व पहिल्या सरींबरोबर त्या पुन्हा फुटतात. खात्री हवी असेल त्याने, ही हरळी शेतातून खणून काढण्यासाठी ज्याने जन्मभर कुदळ चालविली आहे, अशा एखाद्या शेतकऱ्याला विचारावे.